बाटलीवरचे अक्षर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात माळ्यावरून बरण्या उतरतात. लोणच्याच्या, मुरांब्याच्या, चिंचेच्या. आणि त्यांच्यामागे दडून बसलेल्या रिकाम्या बाटल्या. रिकामी बाटली टाकून देणे आपल्या संसारात बसत नाही. सरबत संपले की त्या बाटलीत फिनेल येते, तेल संपले की त्या बाटलीत मोरीचे ॲसिड येते, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे घरातल्या बाईला आपल्या मुलांच्या वाढदिवसांसारखे पाठ असते. आमची सौ. या बाबतीत मोठी वाकबगार आहे. अंधारात हात घालून ती हवी ती बाटली काढून देते.

गेली चार वर्षे मात्र दिवाळीच्या या साफसफाईत मी लुडबूड करतो. पाट घेऊन बसतो, शेजारी काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश ठेवतो, आणि समोर येईल त्या बाटलीवर आत काय आहे ते लिहितो. फिनेलवर 'फिनेल', खोबरेलावर 'खोबरेल'. परवा सौ.ने तुपाची बरणी माझ्यापुढून ओढून घेतली आणि म्हणाली, "अहो, तूप काय मला ओळखू येत नाही?" मुले हसली. बाबांना बाटल्यांचे वेड लागले आहे, हे आता शेजारच्या चार घरांतही ठाऊक झाले आहे.

या वेडाची हकीकत सांगण्यासारखी आहे. खरे म्हणजे ती सांगायची राहून गेलेली आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिक झालो, मग चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, आणि तेव्हापासून मुलांना कमळ, घागर आणि उगवता सूर्य काढायला शिकवत आलो. राहतो लोणख्येड्यात. म्हणजे लिहायचे लोणखेडा, पण बोलताना आमच्या तोंडी असेच येते. शहाद्याला अगदी लागून असलेले हे गाव. जवळून गोमाई वाहते, भोवती ऊस, केळी आणि पपई, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्या वाचलेला माणूस मला गावात अजून भेटायचा आहे. पण माझे अक्षर न वाचलेला माणूस सापडणे कठीण. फ्लेक्सचे फलक येण्यापूर्वी या टापूतल्या दुकानांच्या पाट्या, लग्नमंडपांवरची 'सुस्वागतम्' आणि शाळांमधली सुविचारांची फळी माझ्या हातची असे. अक्षर हीच माझी इस्टेट, आणि थोडा गर्वही.

ज्या शाळेत हे घडले तिचे नाव सांगत नाही. तालुक्यात शाळा पुष्कळ आहेत.

तिथल्या प्रयोगशाळेत काचेचे एक कपाट आहे. त्यात ओळीने बरण्या: एक पाणदिवड, दोन बेडूक, एक विंचू, एक तारामासा, फितीसारखा लांबच लांब पट्टकृमी, आणि असेच काही. एरवी भुताखेतांना न भिणारी पोरे त्या कपाटापाशी आवाज खाली आणतात. मला त्या बरण्यांचे आकर्षण वाटे ते निराळ्या कारणासाठी. त्या द्रावणात रंग हळूहळू उडून जातो आणि रेषा मात्र जशीच्या तशी राहते. पाणदिवडीच्या अंगावरचे चौकटे फिकट राखी झाले होते, पण प्रत्येक खवला मोजून घ्यावा. रेखाटनाला याहून चांगला नमुना मिळायचा नाही. जिवंत साप काही वर्गात तास संपेपर्यंत बसून राहत नाही.

झाकणे सैल पडल्यामुळे बरण्यांतले द्रावण खाली गेले होते. पाणदिवडीचे डोके उघडे पडले होते. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, विज्ञानाच्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या. हेडसर मला म्हणाले, "सर, तुम्हाला तास मोकळाच आहे. बरण्या भरून टाका आणि लेबलेही नवी लिहा." परीक्षेच्या आधी चित्रकलेचा तास नेहमीच मोकळा असतो. गणिताला आणि इंग्रजीला तो उसना दिलेला असतो, आणि उसना दिलेला तास परत आल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

बाईंनी फोनवर सगळे नीट सांगितले होते. बाटलीतल्या फॉर्मॅलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग. खिडक्या सगळ्या उघडा, पंखा लावा, हातात रबरी मोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा, बरणीवर तोंड नेऊन वाकू नका, डोळे झोंबू लागले तर काम टाकून बाहेर या.

यातले पहिले वाक्य मी पाळले. पंख्याने लेबलांचे कागद उडत होते म्हणून पंखा बंद केला. पटांगणात धूळ होती म्हणून खिडक्या लोटून घेतल्या. पाणी पिताना ठेवायला एकीचीच कड मोकळी ठेवली. मोजे घातले तर ब्रश नीट धरता येईना, म्हणून मोजे काढले. चित्रकाराच्या बोटांची मला मोठी काळजी!

प्रारंभी तो वास नाकात सुईसारखा शिरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसा खवखवला. मी मनात म्हटले, कांदा चिरताना बायका एवढे सोसतात, आपण एवढेही सोसू नये? आणि अर्ध्या तासात खरोखरच वास येईनासा झाला. मला वाटले, खोली निवळली. खोली निवळली नव्हती, माझे नाक थकले होते. या पदार्थाच्या वासाला नाक लवकर सरावते आणि मग ते पहाऱ्यावर झोपलेल्या गुरख्यासारखे निरुपयोगी होते. हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी फक्त माझ्या सहनशक्तीचे कौतुक करीत होतो.

बरण्या भरून झाल्या. तपकिरी काचेच्या मूळ बाटलीचे झाकण तडकले होते आणि तळाशी पावशेर-दीडपावशेर फॉर्मॅलिन उरले होते, पाणी न घातलेले. ते उडून जाईल म्हणून मी दुसरी बाटली शोधली. कुणा मुलाने टाकलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली मिळाली. ती मी नळाखाली धरून तीनदा विसळली, उन्हाकडे धरून स्वच्छ झाली की नाही ते पाहिले, तिच्यात ते ओतले, झाकण लावले आणि खिडकीच्या कडेवर ठेवली. मग लेबले लिहायला बसलो. अकरा बरण्या, अकरा लेबले. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, काळ्या शाईत, पुस्ती गिरवल्यासारखे. मेलेल्या पट्टकृमीलाही त्या दिवशी त्याचे पूर्ण नाव मिळाले. खिडकीतल्या बाटलीवर लिहायचे माझ्या मनातही आले नाही. तिच्यात काय आहे ते मला ठाऊक होतेच.

आता आप्पांविषयी सांगितले पाहिजे. आप्पा आमचे शिपाई. सगळी शाळा त्यांना आप्पा म्हणते, हेडसरसुद्धा. सही करण्यापुरते अक्षर त्यांना येते. तेही मीच एका सुट्टीत गिरवून घेतले होते. त्या दिवशी परीक्षेसाठी बाके हलवण्याचे काम ते सकाळपासून करीत होते. आश्विनातले ऊन आमच्याकडे वैशाखाला लाजवते. आप्पा शेवटचे बाक प्रयोगशाळेत ठेवून कपाळ पुसत म्हणाले, "आज ऊन भलतं शे, सर." मी पाठमोरा, मोरीत ब्रश धूत होतो. "हो ना," म्हटले.

आपल्याकडे दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावत नाहीत. मान मागे टाकायची, बाटली वर धरायची आणि धार तोंडात सोडायची, हा आपला शिष्टाचार. त्यामुळे बाटली नाकाजवळ आलीच नाही. आणि आली असती तरी सगळी खोलीच त्या वासाने भरलेली. बाटलीचा वास खोलीच्या वासातून निराळा कसा काढायचा?

मला ऐकू आला तो एक विचित्र आवाज. खोकला नव्हे, ठसका नव्हे. वळून पाहिले तो आप्पा दोन्ही हात भिंतीला टेकून थुंकत होते आणि बाटली फरशीवर आडवी पडून गळत होती.

आमच्या भागात शेतावरचे औषध कुणाच्या पोटात गेले की माणसे मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले तेच माझ्या डोक्यात आले. खिचडीच्या खोलीतून मी मिठाचा डबा आणला आणि एका हाताने बाईंना फोन लावला. बाई ओरडल्याच. "उलटी करवू नका! जाताना ज्याने जाळले ते येताना पुन्हा जाळील. चूळ भरायला लावा, शुद्धीवर आहेत तर थोडे थोडे साधे पाणी द्या, आणि तपकिरी बाटली बरोबर घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!" बाई वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या दिवशी मी त्यांची आज्ञा शाळकरी पोरासारखी पाळली. एका शिक्षकाची मोटारसायकल होती. तिच्यावर मध्ये आप्पा, मागे त्यांना धरून मी.

शहाद्याच्या डॉक्टरांनी आधी माणसाकडे पाहिले आणि लगेच बाटलीवरचे लेबल वाचले. त्या लेबलाने त्यांना जे सांगितले ते मला सांगता आले नसते. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू पाण्यात मुरवलेला, शेकडा सदतीस ते चाळीस. पण तो पाण्यात मुकाट्याने राहत नाही. थंडीत त्याचा पांढरा साका तळाशी बसतो. तो बसू नये म्हणून दहा-पंधरा टक्के मिथेनॉल घातलेले असते. म्हणजे एका बाटलीत दोन विषे. मिथेनॉल कोणते, तर जे २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूतून शंभराहून अधिक माणसांच्या पोटात गेले आणि त्यांना घेऊन गेले. शरीरात दोन्हींचे शेवटी एकच होते: फॉर्मिक आम्ल. मुंगीच्या दंशात असते ते आम्ल. लॅटिनमध्ये मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पाण्यासारखे दिसणारे हे द्रव्य मोठ्या माणसाने दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, प्यायले तर ते जिवावर बेतू शकते. आप्पांनी बहुतेक सगळे थुंकून टाकले होते. चहाचा चमचाभर आत गेले असावे. तेवढ्यानेही ओठ सुजून दुप्पट झाले, जीभ पांढरी पडली. अन्ननलिका दुर्बीण घालून पाहावी लागेल म्हणून त्यांना नंदुरबारला पाठवले, आणि तिथे ते सहा दिवस राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत अहवालाचा प्रश्न निघाला. हेडसर म्हणाले, "सर, तुमचे अक्षर चांगले आहे. तुम्हीच लिहा."

मराठी भाषेत एक मोठी सोय आहे. कर्ता न सांगताही वाक्य पुरे होते. मी लिहिले: 'प्रयोगशाळेत एका बाटलीत द्रावण ठेवण्यात आले होते. सदर शिपायाने अनवधानाने ते पाणी समजून प्राशन केले.' कुणी ठेवले? ठेवण्यात आले होते. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला याहून सफाईदार वाक्य सुचले नसते. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर अक्षर बहुधा त्या कागदावर आहे. हेडसरांनी वाचले, समाधानाने मान हलवली आणि खाली शिक्का मारला.

मी आप्पांना भेटायला नंदुरबारला गेलो. ते कुजबुजल्यासारखे बोलले, "मन्हीच चूक शे, सर." आणि मी, वाचकहो, त्यांच्या खाटेजवळ उभा राहून 'नाही हो, असे म्हणू नका' एवढेच पुटपुटलो. ते वाक्य मी असे म्हटले, की त्यातून काहीही अर्थ निघू नये. बाहेर बसथांब्यावर आलो तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो.

त्या वर्षीची दिवाळी. सौ.ने डबा भरून दिला: चिवडा, शेव, करंज्या, आणि आप्पांना आवडतात म्हणून मुद्दाम तिखट शंकरपाळे. मी डबा घेऊन गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांच्या मंडळींनी डबा उघडला, चिवड्याकडे पाहिले आणि काही न बोलता झाकण लावले. त्यांना तिखट, मीठ, कुरकुरीत काहीच चालत नव्हते. कोमट दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी, एवढीच त्यांची दिवाळी. नातवंडे मात्र डब्यावर तुटून पडली. आप्पा त्यांच्याकडे पाहून हसायला गेले आणि ओठ दुखून त्यांनी तोंडावर हात धरला. मला चहा दिला होता. तो मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

सुट्टीत मी वाचायला बसलो. मॅट्रिकला विज्ञानात काठावर उतरलेला मी. पण अपराधी माणूस अभ्यासाला चांगला बसतो. बाईंनी पुस्तके दिली, न कळलेले समजावून सांगितले.

फॉर्मल्डिहाइडशी माणसाची ओळख १८५९ ची, बुटलेरोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञापासूनची. पण ते मांस टिकवते हे कळायला १८९३ उजाडले, आणि कळले तेही अपघाताने. फ्रँकफुर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर होते. हे द्रव्य जंतू मारते का, याचे प्रयोग ते करीत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आले, की आपल्या बोटांची कातडी कडक होत चालली आहे. जी बोटे टणक होतात तर प्राण्याचे मांसही व्हायला हवे, असे त्यांच्या मनात आले, आणि जगातल्या सगळ्या बरण्यांचा जन्म झाला. हे वाचून मी माझी बोटे पाहिली. उजव्या हाताच्या तर्जनीचे आणि अंगठ्याचे टोक अजून खरखरीत होते, बारीक भेगा पडल्या होत्या. ब्लूमसाहेबांना जे दिसले ते मलाही दिसले होते. फरक एवढाच की त्यांनी पाहिले आणि मी खोबरेल चोळले.

हे टिकवणे म्हणजे काय, तेही कळले. आमचे लोणचे टिकते ते मीठ आणि तेल जंतूंना जगू देत नाही म्हणून. कैरी मात्र कैरीच राहते आणि पोटात पचते. फॉर्मॅलिन जंतूंना मारतेच, पण शिवाय मांसातली प्रथिने एकमेकींना जखडून टाकते. मग ते मांस कुजत नाही, कारण ते मांसच राहत नाही. जिवंत माणसाच्या जिभेवर, डोळ्यावर, घशात गेले तर तिथेही ते हेच काम करू लागते. त्याला मेलेले आणि जिवंत यांतला भेद कळत नाही. म्हणून डोळ्यात शिंतोडा उडाला तर निदान पंधरा मिनिटे पाण्याच्या धारेखाली डोळा धरून मग डॉक्टरकडे धावायचे. कुणाच्या कातडीला तर नुसत्या वाफेने खाज आणि पुरळ येते, आणि एकदा असे झाले की पुढे थोड्याशानेही होते. वर्षानुवर्षे ही वाफ घेणाऱ्यांना नाकामागच्या भागाचा कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निश्चित केले. बरण्यांत पातळ केलेले असते म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही नाही. एकास नऊ या मिश्रणाला 'दहा टक्के फॉर्मॅलिन' म्हणतात; त्यात प्रत्यक्ष वायू चारच टक्के. नावाने दहा आणि कामाने चार, हा हिशोब मला समजायला दोन संध्याकाळी लागल्या. पण ते चार टक्केही पिण्याचे नव्हेत आणि हुंगण्याचेही नव्हेत.

वाचता वाचता ते मला जिथे तिथे दिसू लागले. प्लायवुडच्या चिकटद्रव्यात ते आहे. नव्या कपाटाचा जो उग्र वास आपण 'नवेपणाचा' म्हणून कौतुकाने घेतो त्यात त्याचा वाटा असतो. दुधाचा नमुना तपासणीला पाठवताना तो नासू नये म्हणून निरीक्षक त्यात याचेच थेंब टाकतात; ते कायदेशीर. गवळ्याने तेच थेंब विक्रीच्या दुधात टाकले की गुन्हा. आमच्याच जिल्ह्यात नवापूर हे कोंबडीपालनाचे मोठे ठिकाण. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो तिथे. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे कामाला आहे. त्याने सांगितले, "सर, शेड रिकामी झाली की भांड्यात पोटॅशियम परमँगनेट ठेवायचे, त्यावर फॉर्मॅलिन ओतायचे आणि दार लावून पळायचे." पळायचे हे खरे, कारण ते मिश्रण एकदम उकळते, वायूचा लोट उठतो, आणि चुकले तर पेट घेते. मी विचारले, "तोंडाला काय बांधतोस?" तो म्हणाला, "रुमाल." रुमालाने वायू अडत नाही. हे मी त्याला सांगितले. रंगवायच्या वहीत त्याने कधी माझे ऐकले नव्हते, या वेळी ऐकले असावे. पुढच्या खेपेला त्याने वायूचा मुखवटा घातलेला फोटो पाठवला.

आणि गोव्याची मासळी. माझा मेहुणा तेव्हा नोकरीनिमित्त मडगावला होता. जुलै २०१८ मध्ये तिथल्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली, आणि जागेवरच्या चाचणीत फॉर्मॅलिनचा अंश दिसला अशी बातमी फुटली. मग सांगण्यात आले की प्रमाण मर्यादेत आहे. लोक म्हणाले, मासळीत घालायला परवानगीच नाही, तर मर्यादा कसली? सरकारने काही दिवस बाहेरची मासळी बंदच केली. माझ्या मेहुण्याच्या घरी श्रावण यायच्या आधीच श्रावण पाळला गेला, आणि गोव्यात राहून रोज वरणभात खाणारा माणूस काय करुण दिसतो ते आम्ही फोनवर पाहिले. त्या भांडणात एक मौजेची गोष्ट होती. काही माशांत, विशेषतः आपल्या बोंबलात, मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड थोडेसे आपोआपच तयार होते. त्यामुळे नुसते 'आहे' म्हणून भागत नाही, किती आहे ते मोजावे लागते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तर यासाठी कागदाची पट्टीच तयार केली; माशावर घासायची, वर औषधाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. मला त्या पट्टीचा हेवा वाटला. रंग पाहून खरेखोटे कळावे, ही चित्रकाराची जुनी इच्छा.

शाळा उघडली. मी दुसरा कागद लिहून हेडसरांकडे गेलो. त्यात कर्ता होता. 'मी ठेवली. मी त्यावर काही लिहिले नाही. खिडक्या मी बंद केल्या होत्या.' हेडसरांनी दोनदा वाचला. वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "सर, प्रकरण मिटले आहे. आता हा कागद वर पाठवला तर तुम्ही, मी, बाई, सगळेच अडकू. आप्पाही बरे आहेत." त्यांनी कागदाची घडी केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. फेकला नाही, एवढे खरे. तो अजून तिथेच असेल.

मग मी आप्पांकडे गेलो. ते कामावर आले होते. आवाज बसला होता, तो आजही पुरता सुटलेला नाही. घंटेखाली बसून ते दोरी वळत होते. मी सगळे सांगितले. अहवालाचेही. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "माले माहीत व्हतं. तुम्हीच बाटली भरी, मी देखेल व्हतं."

मी चकित झालो. "मग प्यालात कसे, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडे असे पाहिले, की एवढी साधी गोष्ट सरांना कळू नये! "सरनी तीनदा धुईसन भरेल बाटली," ते म्हणाले. "पानी चांगलंच राही, असं वाटनं."

मी बराच वेळ तिथे बसून होतो. घंटा द्यायची वेळ झाली तशी ते उठले.

त्यानंतर प्रयोगशाळेत पुष्कळ बदल झाले, ते बाईंनी केले. मूळ बाटली आता कुलपाच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, पसरट ताटलीत; फुटली तरी ताटलीत सांडेल. मोठी बाटली आणायचीच नाही, लागेल तेवढी लहान. खिडकीत हवा बाहेर ओढणारा पंखा. मोजे, चष्मा. बरण्यांची झाकणे पक्की बंद करून घेतली, म्हणजे पुन्हा पुन्हा भरायला नकोत. नवे प्राणी बरणीत घालणे तर बंदच झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतलीसुद्धा प्राण्यांची चिरफाड थांबवली, तिथे शाळेची काय कथा! खाण्यापिण्याची कुठलीही बाटली, डबा, पेला प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, हा नियम मात्र माझा. आणि लेबलेही माझी.

कुलपाच्या कपाटातल्या बाटलीसाठी मी एक मोठे लेबल केले. तांबड्या अक्षरांत 'विष', खाली 'फॉर्मॅलिन', खाली 'पिऊ नये, हुंगू नये', खाली तारीख. दोन दिवस खपून केले आणि आप्पांना दाखवायला नेले. त्यांनी ते दूर धरून, जवळ धरून पाहिले. "अक्षर झकास शे," म्हणाले. मग थोडे थांबून, "काय लिखेल शे?"

मी घरी जाऊन पुन्हा कागद घेतला. कवटी काढली आणि खाली दोन आडवी हाडे. चाळिशी उलटलेल्या माणसाने, ज्याने आयुष्यभर कमळे काढली, त्याने कवटी काढायला बसावे, आणि तेही दिवाळीच्या पणत्यांचे रंग अजून ब्रशाला लागलेले असताना! पहिली हसरी झाली, दुसरी माकडासारखी. चौथी जमली. ती चिकटवली तेव्हा आप्पांनी लगेच ओळखली. विजेच्या डीपीवर, तारांच्या कुंपणाला जो पत्रा लावलेला असतो त्यावरची ही कवटी शेतावर जाणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते.

गेल्या आठवड्यात पाचवीची नवी मुले प्रयोगशाळा पाहायला आली होती. मी दाराशी उभा होतो. एक पोरगा कपाटाच्या काचेला नाक लावून आत डोकावत होता. आप्पांनी त्याला खांद्याला धरून मागे ओढले आणि आपल्या त्या बसलेल्या आवाजात सांगितले, "हात लावू नको रे भो, यामा करंट शे!"

पोरगा दोन पावले मागे सरला. मी काही दुरुस्ती केली नाही.